लादीवरची जहाजे : नेदरलँड्समधील पाच दिवस

वेंगुर्ल्याला आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर डचांची वखार आहे. झाडाझुडपांनी वेढलेल्या त्या पडक्या वास्तूच्या सावलीत मी शाळेतल्या मुलांना कितीतरी वर्षे चित्र काढायला बसवत असे. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाची परवानगी मिळवून डचांनी वेंगुर्ल्यात पाय रोवले, ते मुख्यतः गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या आरमाराला शिधा आणि पाणी पुरवण्यासाठी, एवढे मी मुलांना सांगत असे. ती जहाजे दिसत कशी होती, हे मात्र मला कधी नीट सांगता आले नव्हते. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते आणि मंगळूरची कौले भरून त्यांचे गलबत किनाऱ्याकिनाऱ्याने वर येत असे. त्यामुळे भाजलेली माती आणि शिडाचे जहाज या दोन गोष्टी माझ्या मनात लहानपणापासून एकमेकींना धरूनच आहेत.

या जूनमध्ये मी हेगला भाचीकडे गेले, तेव्हा तिच्या भाड्याच्या जुन्या घरात शेकोटीच्या कडेने बसवलेल्या अकरा लाद्या पाहिल्या. प्रत्येक लादी वीतभरापेक्षाही लहान, पांढरट, आणि तिच्या मध्यभागी निळ्या रंगात काढलेले तीन बोटे रुंदीचे एक जहाज. घरमालकांच्या सांगण्याप्रमाणे त्या सगळ्या दोनअडीचशे वर्षांच्या होत्या. आपल्याकडे लादी म्हटली की ती पायाखालची. ही भिंतीची होती, आणि तिच्यावरचे जहाज इतक्या जाणत्या हाताने काढलेले होते की मी पाच दिवस त्याच्या मागावर जायचे ठरवले.

पहिला दिवस : ॲमस्टरडॅम

राइक्सम्युझियममध्ये मी आधी भांड्यांच्या दालनात गेले नाही. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिले, कारण त्या चित्रात भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे निळ्या-पांढऱ्या लाद्यांची एक ओळ आहे. वरची भिंत साधी, चुन्याची, खिळ्यांच्या छिद्रांसकट रंगवलेली. खाली मात्र लाद्या. फडक्याचे पाणी, केरसुणीचे फटके आणि ओल यांपासून भिंतीचा पायथा राखण्यासाठी त्या लावत. आमच्या कोकणात पांढऱ्या भिंतीच्या तळाला काव लावून तांबडा पट्टा काढतात, त्याचेही काम तेच. या लाद्या मिरवण्यासाठी निर्माण झालेल्या नव्हत्या, त्या खरकट्या पाण्याच्या शेजारी राहणाऱ्या होत्या, हे त्या चित्रासमोर मला जितके स्पष्ट कळले तितके नंतर कुठल्याही काचेच्या कपाटासमोर कळले नाही.

त्यानंतर विलेम व्हान द व्हेल्ड या थोरल्या चित्रकाराचे तेरहेइडच्या लढाईचे चित्र पाहिले. लढाई १६५३ मधली, चित्र १६५७ मधले. पांढऱ्या पृष्ठभागावर लेखणीने आणि शाईने काढलेले हे चित्र दुरून छापील वाटते, आणि जवळ गेल्यावर प्रत्येक दोर स्वतंत्र ओढलेला दिसतो. हा चित्रकार छोट्या नावेत बसून आरमाराबरोबर जात असे आणि लढाई चालू असताना रेखाटने करत असे. या चित्रातही त्याने स्वतःला तसे बसलेले दाखवले आहे. पांढरी भूमी, एकच गडद रंग आणि न चुकणारी रेषा, या तिन्ही गोष्टी त्या शेकोटीजवळच्या लाद्यांमध्येही होत्या. हे चित्र एखाद्या सेनापतीच्या दिवाणखान्यासाठी योग्य, आणि त्याच काळात त्याच देशात तशीच जहाजे ढिगांनी भाजून स्वयंपाकघरांसाठी विकली जात होती, या विचाराने मी त्या दालनात बराच वेळ रेंगाळले.

आणि तिथेच मला निशाणांकडे बघायचे सुचले. आमच्या शाळेतली मुले जहाज काढताना डोलकाठीवरचे निशाण नेहमी मागे उडवतात, धावत्या मोटारीवरच्या झेंड्यासारखे. मीही लहानपणी तसेच काढले होते, तेव्हा आजोबांनी पाटी हातात घेऊन निशाण पुसले आणि पुढच्या बाजूला काढून दिले. वारा मागून येतो तेव्हाच शीड पुढे फुगते, आणि ज्या दिशेला शीड फुगते त्याच दिशेला निशाणही उडते. व्हान द व्हेल्डकडे हे बरोबर असणारच. शेजारच्या कपाटांतल्या भांड्यांवरच्या चिमुकल्या जहाजांचीही निशाणे मी एकेक करून पाहिली. ती बरोबर होती.

दुसरा दिवस : डेल्फ्ट

हेगहून डेल्फ्टला जायला रेल्वेने काही मिनिटे पुरतात. पहिला थांबा आउडे डेल्फ्ट या कालव्याच्या काठावरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीपाशी घेतला. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची होती. वेंगुर्ल्याच्या वखारीत बसणारे कारकून ज्या कंपनीचे पगारी नोकर होते तिचा कारभार अशा घरांमधून चाले, हे मनात आल्यावर मी कालव्याच्या कठड्याला टेकून त्या दर्शनी भिंतीचे एक रेखाटन केले.

डेल्फ्टच्या भांड्यांची कथा चीनपासून सुरू होते. डचांनी १६०२ मध्ये ‘सान जागो’ आणि १६०३ मध्ये ‘सांता कातारिना’ ही दोन पोर्तुगीज जहाजे पकडली आणि त्यांच्यावरच्या मालाचा लिलाव केला, तेव्हा चिनी पोर्सेलीन या देशातल्या श्रीमंतांच्या डोळ्यांत भरले. पुढे १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराणे कोसळले, अंतर्गत लढायांमुळे तिथून येणारा माल आटला, आणि ती जागा डेल्फ्टच्या कुंभारांनी घेतली. गावातले बिअर गाळण्याचे कारखाने त्या काळात बंद पडत होते. त्यांच्या रिकाम्या इमारतींमध्ये भट्ट्या बसल्या. पोर्सेलीनची पांढरी माती या कुंभारांजवळ नव्हती. भाजल्यावर पिवळट किंवा तांबूस होणारी साधी माती होती, आणि तो रंग झाकण्याची युक्ती त्यांच्याकडे अँटवर्पहून उत्तरेला आलेल्या कारागिरांकडून, त्यांच्याकडे इटलीहून, इटलीत स्पेनहून आणि स्पेनमध्ये इराककडच्या मुस्लिम कुंभारांकडून आलेली होती. नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनीही चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठीच ही युक्ती काढली होती.

ती युक्ती म्हणजे कथील. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा दारावर येत असे त्या काळातली मी आहे; नवसागराचा धूर, कापसाचा बोळा आणि भांड्याच्या आत एकाएकी पसरणारा रुपेरी पांढरेपणा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. इथे तोच धातू जाळून त्याची भुकटी करतात आणि शिसे व वाळू यांच्या पारदर्शक झिलईत मिसळतात. कथलामुळे ती झिलई दुधासारखी अपारदर्शक होते आणि खालची माती झाकून टाकते. एकदा भाजलेले भांडे या पातळ लगद्यात बुडवून काढले की सच्छिद्र माती पाणी शोषून घेते आणि वर पिठासारखा कोरडा थर उरतो. चित्र त्या थरावर काढायचे आणि मग भांडे पुन्हा भट्टीत घालायचे. डेल्फ्टचे कुंभार चित्रावर पारदर्शक झिलईचा आणखी एक हात फिरवत, म्हणून तिथल्या चांगल्या भांड्यांवर ती ओलसर चमक दिसते. निळा रंग कोबाल्टचा, आणि कोबाल्ट येत असे सॅक्सनीच्या खाणींतून.

१६५३ मध्ये सुरू झालेला आणि त्या काळातल्या डेल्फ्टमधल्या कारखान्यांपैकी आजपर्यंत टिकलेला एकमेव कारखाना पाहायला आम्ही दुपारी गेलो. रंगवणाऱ्या कारागिरांच्या कुंचल्याखाली रंग काळा दिसतो आणि भट्टीतून निळा होऊन बाहेर येतो, हे पाहताना भाची अगदी लहान मुलीसारखी खूश झाली. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कारखान्याने इंग्लंडच्या पद्धतीची पांढरी माती आणि पारदर्शक झिलई स्वीकारली, त्यामुळे आज तिथे बनणारी भांडी सुबक असली तरी ती कथलाच्या झिलईची नाहीत. जुन्या भांड्यांमधला मऊपणा, झिलईखालून किंचित डोकावणारी मातीची ऊब, काठावर जिथे टवका उडाला आहे तिथे दिसणारी बिस्किटासारखी भुसभुशीत कड, हे सारे कथलाच्या झिलईचे गुण आहेत आणि दोष म्हटले तर दोषही आहेत.

संध्याकाळी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात अठराव्या शतकातल्या व्हेल शिकारीच्या बश्या पाहायला मिळाल्या. बारा बश्यांच्या मालिकेतल्या त्या दोन होत्या. सीवर्ट व्हान डर मेउलेनच्या रेखाटनांवरून आडोल्फ व्हान डर लान याने जी चित्रे कोरून छापली, त्यांच्यावरून ही मालिका रंगवली जात असे. बर्फात अडकलेली जहाजे, होड्यांमधून भाले रोखून उभी असलेली माणसे, कडेला काढलेले मासे. रेषा उत्तम आहे, पण छापील चित्रावरून उतरवलेली आहे हे कळते. त्याच दुकानात एक लादी सतराव्या शतकाची म्हणून मला दाखवण्यात आली. ती पातळ होती, तिचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट होता आणि पाठीमागे चुन्याचा कणही नव्हता. माझ्या मनात शंका आली, पण तेव्हा मला तिची कारणे मांडता आली नसती.

तिसरा दिवस : रॉटरडॅम

डेल्फ्टमध्ये मुख्यतः ताटे, बश्या, फुलदाण्या होत. भिंतीच्या लाद्यांचे मोठे काम रॉटरडॅम, उट्रेख्त आणि उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतात चाले. रॉटरडॅममध्ये कॉर्नेलिस बाउमेस्टर (१६५२–१७३३) हा लाद्यांवरच्या समुद्रचित्रांचा सर्वांत मोठा चित्रकार होऊन गेला. बंदरे, आरमारे आणि व्हेलची शिकार यांची त्याची चित्रे कित्येक लाद्या जोडून बनलेली असत. कच्च्या झिलईच्या लाद्या फळीवर शेजारी शेजारी मांडून त्यांच्यावर सलग चित्र काढायचे, मागे क्रमांक घालायचे, सुट्या करून भाजायच्या आणि भिंतीवर पुन्हा जुळवायच्या. भट्टीत प्रत्येक लादी वेगळ्या जागी असल्याने निळा रंग कुठे गडद, कुठे फिका उतरतो आणि समुद्राला चौकटीचौकटींची छटा येते. काहींना हा दोष वाटतो. मला त्यात ढगांच्या सावल्या दिसल्या.

१४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बाउमेस्टरचे रॉटरडॅम जळून गेले. एकेकाळी डेल्फ्टचे बंदर असलेला डेल्फ्सहावन हा भाग तेवढा बराचसा वाचला. तिथल्या धक्क्यावर आम्ही डबा खाल्ला आणि पाऊस आल्यामुळे लवकर परतलो.

चौथा दिवस : लेवार्डन आणि हार्लिंगन

पहाटेच्या गाडीने उत्तरेला निघालो. लेवार्डनचे प्रिन्सेसेहोफ हे मातीच्या भांड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. अठराव्या शतकात तिथे मारी लुईसे ही राजघराण्यातली विधवा राहत असे, आणि त्याच वास्तूत १८९८ मध्ये एशर या चित्रकाराचा जन्म झाला. लाद्यांच्या संग्रहासमोर मी वही उघडून बसले आणि दोन तास उठले नाही.

लादी कशी ओळखावी, याचा उलगडा मला तिथे झाला. जुनी लादी साधारण १३ सेंटीमीटर चौरस असते. मातीची पोळी थोडी वाळली की तिच्यावर एक फळी ठेवून कडेने कापत. फळी सरकू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांत खिळ्यांची टोके असत, आणि त्यांची बारीक छिद्रे लादीच्या कोपऱ्यांत कायमची राहत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लाद्या जाड, दीड सेंटीमीटरपर्यंतच्या. पुढे त्या पातळ होत गेल्या, अठराव्या शतकात जवळजवळ निम्म्या झाल्या. कोपऱ्यांत नक्षी असते, बैलाच्या डोक्यासारखी किंवा कोळ्याच्या पायांसारखी, आणि चार लाद्या जुळल्या की ती नक्षी फुलासारखी पूर्ण होते. जहाजांच्या कित्येक लाद्यांना ही नक्षीही नाही; पांढऱ्या मोकळ्या जागेत एकटे जहाज आहे, आणि मला त्याच सर्वांत आवडल्या.

आराखडा उतरवण्याची पद्धत पाहून तर मला घरचीच आठवण झाली. कागदावर चित्र काढून रेषांवर सुईने छिद्रे पाडायची, कागद लादीवर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर आपटायची. आमच्या आळीत दिवाळीला पत्र्याला भोके पाडून केलेल्या रांगोळीच्या छाप्यांची अदलाबदल चाले, तोच प्रकार. पण छाप्यातून फक्त ठिपके मिळतात. फ्लाउट नावाच्या मालवाहू जहाजाची फुगीर, गोलसर पिछाडी आणि वर निमुळता होत गेलेला तक्ता, हेरिंग मासे पकडणाऱ्या नावांची आडवी पाडलेली डोलकाठी, किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या सपाट बुडाच्या नावांच्या कुशीला लटकणारे लाकडी पंख, हे ठिपक्यांवरून येत नाही. ज्याने बंदरावर ही जहाजे रोज पाहिली आहेत त्याच्याच हातून ते उतरते.

दुपारी हार्लिंगनला गेलो. रेल्वेचा रूळ थेट बंदरावर संपतो आणि समोरच फ्लीलंड व टेर्स्खेलिंग बेटांच्या बोटी लागलेल्या असतात. १६४५ पासून फ्रीसलंडच्या आरमाराचे ठाणे याच गावात होते, आणि लाद्यांच्या भट्ट्या सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून. त्यांतली शेवटची भट्टी १९३३ मध्ये विझली. पुढे १९७०च्या दशकात जुन्या पद्धतीने हाताने लाद्या बनवणे गावात पुन्हा सुरू झाले. हानेमाहाउस या गावच्या संग्रहालयात ज्या भिंतीवर मी जहाजांच्या लाद्या पाहिल्या, तिथून बाहेर आले की शंभर पावलांवर खरे पाणी आणि खऱ्या डोलकाठ्या आहेत. रंगवणाऱ्याला आपला नमुना पाहण्यासाठी कामावरून उठून कोपऱ्यापर्यंत यावे लागत असेल, एवढेच.

तिथल्या एका छोट्या कार्यशाळेत मला एक कच्ची लादी रंगवायला मिळाली. मी चाळीस वर्षे कुंचला धरला आहे, तरी पहिल्याच रेषेला थबकले. कोरड्या झिलईचा थर कुंचल्यातले पाणी टिपकागदासारखा ओढून घेतो. हात क्षणभर थांबला की तिथे डाग पडतो, आणि खोडायला गेले तर थरच निघून येतो. रेषा एका श्वासात ओढावी लागते. मी आजोबांचे गलबत काढायला घेतले. नाळ बरी उतरली. पण तिरक्या शिडाची लांब काठी मधेच जाड झाली ती झालीच. दिवसाला अशा कितीतरी लाद्या रंगवणाऱ्या, आपले नावही मागे न ठेवलेल्या त्या माणसांविषयी मला जो आदर वाटला तो माझ्या हाताने मला शिकवलेला आहे.

पाचवा दिवस : हिंडेलोपन

लेवार्डनहून स्ताव्होरेनला जाणाऱ्या छोट्या गाडीने हिंडेलोपनला उतरलो आणि गवताच्या कुरणांमधून गावापर्यंत चालत गेलो. इथले पुरुष ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांसाठी बाल्टिक समुद्रात जहाजे नेत. वसंतात जात ते थंडीच्या तोंडावर परतत. कप्तान समुद्रावर असताना त्याची बायको मुलांना घेऊन मोठ्या घरामागच्या पाण्याकाठच्या लहानशा घरात राहत असे. त्या घराला इथे ‘लिकहूस’ म्हणतात. मोठे घर त्या काळात बंद, आवरलेले, लाद्यांच्या भिंती पुसून लखलखीत ठेवलेले.

गावच्या संग्रहालयात तशा खोल्या मांडून ठेवल्या आहेत. रंगवलेले लाकडी सामान, भिंतीतली कपाटासारखी बिछान्याची जागा, आणि खालपासून वरपर्यंत लाद्या. पाहता पाहता भाचीने माझा हात धरून मला एका पोशाखासमोर नेले. “मावशी, हे कापड आपल्याकडचं आहे.” खरोखरच, हिंडेलोपनच्या बायकांचा लांब झगा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चीटाचा असे. कंपनीच्या जहाजांतून आलेले आपल्या देशातले कापड अंगावर घालून ती बाई लाद्यांवरच्या जहाजांसमोर उभी राहत असेल. उलट दिशेने लाद्याही आपल्याकडे आल्या आहेत. उदयपूरच्या राजवाड्यातल्या चिनी चित्रशाळेत अठराव्या शतकात बसवलेल्या डच लाद्या आजही आहेत.

गावाच्या बांधावर जाऊन बसलो. पूर्वी इथे खारे पाणी होते; १९३२ मध्ये मोठा बांध घालून समुद्र बाहेर अडवला आणि आत गोड्या पाण्याचे सरोवर झाले. शिडाच्या हौशी नावा समोरून जात होत्या. मी निशाणे पाहत राहिले.

रात्री उशिरा हेगला घरी पोहोचलो. भाची चहा करत होती, आणि मी दिवा जवळ घेऊन शेकोटीसमोर जमिनीवर बसले. एकेका लादीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. दहा लाद्यांना बारीक छिद्रे लागली, कुठे दोन, कुठे तीन, झिलईने अर्धवट बुजलेली. दहाही जहाजांची निशाणे पुढे उडत होती. उजवीकडच्या खालच्या अकराव्या लादीवरचे जहाज सर्वांत रेखीव होते आणि त्याची शिडे छान फुगलेली होती. निशाण मात्र मागे उडत होते, आमच्या शाळेतली मुले काढतात तसे. मी भाचीला हाक मारली आणि तिचे बोट धरून त्या लादीच्या चारही कोपऱ्यांवरून फिरवले. कुठेही छिद्र नव्हते.